हितकर, पण जरा कडू
‘सॅल्युटरी’ या इंग्रजी शब्दाची ओळख

वाचकहो, शाळेतल्या एका साध्या प्रसंगापासून सुरुवात करू. समजा, दहावीच्या वर्गातल्या एका मुलाला इंग्रजीच्या उताऱ्यात ‘सॅल्युटरी’ हा शब्द भेटला. मुलगा हुशार. त्याने कोश उघडला. कोशात अर्थ होता, ‘हितकारक’. मग गुरुजींनी सांगितले, की या शब्दाचा वाक्यात उपयोग करून दाखव. मुलाने लिहिले, ‘मिल्क इज सॅल्युटरी’. म्हणजे दूध हितकारक आहे. गुरुजींनी त्या वाक्यावर लाल रेघ मारली. मुलगा विचारतो, ‘गुरुजी, दूध हितकारक नाही का? मग माझं चुकलं कुठं?’

प्रश्न रास्त आहे. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काहीच चूक नाही. कोशातला अर्थही बरोबर आहे. तरीसुद्धा आजचा इंग्रज माणूस दुधाला ‘सॅल्युटरी’ म्हणणार नाही. का म्हणणार नाही, तेवढेच आज आपण पाहणार आहोत. हा प्रश्न फक्त परीक्षेतल्या एका गुणाचा नाही. दुसऱ्याच्या दुःखाविषयी आपण बोलताना कोणती जबाबदारी पाळली पाहिजे, तिथपर्यंत हा शब्द आपल्याला घेऊन जातो.

आधी शब्दाचे रूप नीट पाहून घेऊ. एस, ए, एल, यू, टी, ए, आर, वाय, अशी त्याची अक्षरे. उच्चार करताना जोर पहिल्या अवयवावर द्यायचा, ‘सॅल्’वर, आणि पुढचे ‘युटरी’ हलके सोडून द्यायचे. याच्यासारखाच ऐकू येणारा दुसरा एक शब्द आहे, ‘सॉलिटरी’. त्याचा अर्थ एकटा, एकांतातला. कैद्याला एकट्याला कोठडीत ठेवतात, तिथे हा ‘सॉलिटरी’ येतो. घाईत लिहिताना मुलांच्या हातून एकाच्या जागी दुसरा पडतो आणि हितकारक धड्याचा एकटा धडा होऊन बसतो. तेव्हा दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावेत, हे बरे.

आता याचे कूळ पाहू. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकाच्या अखेरीस आला. तो आला फ्रेंच भाषेमार्फत, पण त्याचे माहेर लॅटिन. लॅटिनमध्ये ‘सालूस’ म्हणजे आरोग्य, क्षेम, सुरक्षितपणा. रोमन लोकांनी या सालूसला देवी मानले होते. इ. स. पूर्व 302 मध्ये रोममधल्या क्विरिनल टेकडीवर तिचे मंदिर झाले. रोमन नाण्यांवर ही देवी हातातल्या पात्रातून सापाला खाऊ घालताना दिसते. नागपंचमी पाळणाऱ्या आपल्या लोकांना हे चित्र फारसे परके वाटू नये.

रोमच्या न्यायालयातली एक गोष्ट तर ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिथले पंच मेण लावलेल्या लहान पाट्यांवर आपले मत देत. आरोपी निर्दोष वाटला तर ‘ए’ हे अक्षर, दोषी वाटला तर ‘सी’. प्रसिद्ध वक्ता सिसेरो याने इ. स. पूर्व 52 मध्ये मायलो नावाच्या आरोपीचा बचाव केला, त्या भाषणात त्याने सुटकेच्या अक्षराला ‘सालुतारिस’ म्हटले आहे आणि शिक्षेच्या अक्षराला दुःखाचे अक्षर. म्हणजे मुळात या शब्दाचा अर्थ ‘वाचवणारे’, ‘तारणारे’ असा होता. त्यात कडूपणाचा मागमूस नव्हता.

याच घरातला दुसरा शब्द आपल्या रोजच्या ओळखीचा आहे, तो म्हणजे ‘सॅल्यूट’. पंधरा ऑगस्टला झेंड्याला मुले सॅल्यूट करतात, तोच. त्याचा मूळ अर्थ ‘तुझे क्षेम असो’ असे चिंतणे. आपल्याकडचा ‘सलाम’ मात्र अरबीतून आलेला. त्याच्याही पोटात शांती आणि सुरक्षितपणाच आहे, पण त्याचे कूळ निराळे. तेव्हा दोघांचा आवाज जुळतो म्हणून त्यांना भाऊभाऊ ठरवू नये. उलट ज्याचा आवाज फारसा जुळत नाही असा एक सख्खा नातेवाईक आपल्याच भाषेत आहे. लॅटिनमधला ‘साल्वुस’ म्हणजे धडधाकट, अखंड. तो या सालूसच्याच घराण्यातला. भाषाशास्त्रज्ञ सांगतात, की हा साल्वुस, ग्रीकमधला ‘होलोस’ आणि संस्कृतातला ‘सर्व’ हे तिन्ही एकाच मुळापासून निघाले. सर्व म्हणजे सगळे, काही न तुटलेले, काही न उणावलेले. निरोगी माणूस म्हणजे अखंड माणूस, ही कल्पना त्या मुळाशी असावी असे दिसते.

मग या सरळ शब्दात कडूपणा शिरला कसा? तो एका दिवसात शिरला नाही. जुन्या इंग्रजी लिखाणात औषधाला, उपचाराला, नियमाला, उपदेशालाही हे विशेषण लावलेले आढळते. आता या गोष्टींचा स्वभाव काय? औषध कडू असते. नियमाचा जाच वाटतो. उपदेश ऐकायला गोड लागत नाही. अशांच्या संगतीत राहून राहून शब्दालाही तोच वास लागला. आज इंग्रजीत ‘सॅल्युटरी’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी येतात. एक, ही गोष्ट झाली तेव्हा ती आवडली नव्हती. दोन, तिच्यामुळे पुढे भले झाले. दूध हितकर खरे, पण ते पिताना कुणाला जाच होत नाही. म्हणून दुधाला हा शब्द शोभत नाही. पाडव्याच्या सकाळी आई मुलाच्या हातावर कडुलिंबाची कोवळी पाने ठेवते आणि मूल तोंड वाकडे करून ती चावते. या शब्दाची चव जवळजवळ तशी आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, इंग्रजीत ‘हितकारक’ या एका मराठी शब्दाच्या जागी निदान पाच शब्द उभे आहेत आणि प्रत्येकाचे शेत वेगळे आहे. हे बांध मुलांना दाखवून दिले तर गोंधळ बराच कमी होईल.

पहिला ‘बेनिफिशियल’. हा सर्वांत मोकळा शब्द. शेणखत जमिनीला बेनिफिशियल, वेळेवरचा पाऊस पिकाला बेनिफिशियल, किडी खाणारे मित्रकीटक शेतकऱ्याला बेनिफिशियल. दुधालाही तो चालेल. दुसरा ‘होलसम’. हा मुख्यतः सकस अन्नाचा आणि निर्मळ करमणुकीचा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक असे जेवण होलसम. आपल्या मुलाचे वाक्य ‘मिल्क इज होलसम’ असे असते, तर ती लाल रेघ पडली नसती. तिसरा ‘सॅलुब्रिअस’. हाही त्या सालूसच्याच कुळातला, पण तो हवापाण्याला आणि जागेला लावतात. महाबळेश्वरची हवा सॅलुब्रिअस, म्हणजे आपण ज्याला ‘मानवणारी हवा’ म्हणतो ती. चौथा ‘अ‍ॅडव्हांटेजस’. हा फायद्याचा, सोयीचा, वरचढ जागेचा शब्द. बाजारात भाव चढा असताना माल विकणे अ‍ॅडव्हांटेजस. आणि पाचवा आपला ‘सॅल्युटरी’. तो वस्तूंच्या वाटेला फारसा जात नाही. अनुभव, इशारा, धडा, आठवण, परिणाम, आळा, अशा गोष्टींना तो लागतो. ‘सॅल्युटरी लेसन’ म्हणजे डोळे उघडणारा धडा. ‘सॅल्युटरी वॉर्निंग’ म्हणजे वेळेवर मिळालेली, सावध करणारी सूचना. ‘सॅल्युटरी इफेक्ट’ म्हणजे हितकर परिणाम.

इथे एक सूचना केली पाहिजे. आपल्या देशातल्या न्यायालयांच्या इंग्रजी निकालपत्रांत ‘सॅल्युटरी प्रोव्हिजन’, ‘सॅल्युटरी प्रिन्सिपल’ असे शब्द वारंवार येतात. तिथे अर्थ नुसता ‘हितकारक तरतूद’, ‘हितकारक तत्त्व’ एवढाच घ्यायचा. कायद्याच्या भाषेने जुना, साधा अर्थ जपून ठेवला आहे. बोलण्यात आणि वर्तमानपत्रात मात्र कडू-हितकर हाच अर्थ जास्त चालतो. दोन्ही अर्थ खरेच आहेत. कुठला घ्यायचा, ते आसपासचे शब्द सांगतात.

आता मराठीत याला प्रतिशब्द कोणता द्यावा? ‘लाभदायक’ म्हटले की व्यवहाराचा वास येतो. ‘गुणकारी’ म्हटले की औषधाची बाटली डोळ्यांपुढे येते. ‘अद्दल घडणे’ हा शब्दप्रयोग बराच जवळ जातो, पण अद्दल घडली म्हणताना आपल्या मनात, बरे झाले, खोड मोडली, असा थोडा आनंदही असतो. सॅल्युटरी शब्दात तो आनंद नाही. ‘पथ्यावर पडणे’ हा आपला आणखी एक प्रयोग. पथ्य हा शब्द पथावरून आला. जे वाटेला धरून आहे, वाट सोडत नाही, ते पथ्य. पण ‘पथ्यावर पडणे’ म्हणजे आयता फायदा होणे. पावसाने कुस्त्या रद्द झाल्या आणि न केलेली तालीम झाकली गेली, तर ते पैलवानाच्या पथ्यावर पडले. त्यात पैलवान सुधारला नाही. हीच कुस्ती तो हरला असता, चिडला असता आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून मेहनतीला लागला असता, तर त्या हरण्यातून त्याला जे मिळाले, ते सॅल्युटरी. भेद ध्यानात आला ना? ज्याला लागले त्याच्यात बदल झाला पाहिजे. आणि दुसऱ्याला लागलेले पाहून आपण सुधारलो, तर त्यालाही हाच शब्द चालतो. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ या म्हणीत जी ठेच आहे, ती मागच्यासाठी सॅल्युटरी ठरते.

या शब्दाचा इतिहासात गाजलेला एक उपयोग आहे. तो करणारे गृहस्थ होते एडमंड बर्क. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर इंग्लंडच्या पार्लमेंटात 1788 पासून 1795 पर्यंत महाभियोग चालला. त्यात आरोप मांडणारे प्रमुख वक्ते म्हणजे हेच बर्क. पण आपली गोष्ट त्याच्या आधीची, 22 मार्च 1775 ची. अमेरिकेतल्या वसाहतींशी समेट करावा, म्हणून त्या दिवशी बर्कनी पार्लमेंटात भाषण केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. या वसाहती भरभराटल्या त्या आपल्या करड्या देखरेखीमुळे नव्हेत. उलट, शहाणपणाने केलेल्या ‘सॅल्युटरी नेग्लेक्ट’मुळे त्या भरभराटल्या.

‘नेग्लेक्ट’ म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. हेळसांड कुठे हितकारक असते का? पण बर्कच्या म्हणण्यात तथ्य होते. व्यापाराचे कायदे कागदावर कडक असले, तरी कैक वर्षे इंग्लंडने ते अमेरिकेत काटेकोरपणे लागू केले नव्हते. त्या सैलपणात वसाहतींतले लोक आपले आपण उद्योग करायला आणि आपला कारभार पाहायला शिकले. 1763 साली सात वर्षांचे युद्ध संपल्यावर इंग्लंडने लगाम आवळला. 1765 साली तर कागदपत्रांवर मुद्रांकाचा कर बसवला. तिथून असंतोष पेटत गेला. बर्कचे समेटाचे ठराव पार्लमेंटाने फेटाळले. महिनाही उलटला नाही तोच, 19 एप्रिल 1775 रोजी, अमेरिकेत बंदुकांच्या फैरी झडल्या आणि स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले.

शेतकरी बंधूंना हे ‘हितकारक दुर्लक्ष’ समजावून सांगण्याची गरज नाही. मोसंबीची किंवा डाळिंबाची बाग ज्यांच्या घरी आहे, ते दरसाल ते करतातच. बहार धरण्याआधी बागेचे पाणी तोडतात. त्याला आपण ताण देणे म्हणतो. पाणी तुटले की झाड वाढ थांबवते, पाने मलूल होतात, पिवळी पडून गळतात. नवखा माणूस पाहील तर म्हणेल, बाग वाळू घातली. पण झाड आपला जोर साठवून ठेवते. ताण तोडून खत आणि पाणी दिले, की ते फुलांनी भरून येते. हा ताण सॅल्युटरी खरा.

पण थांबा. जाणता बागायतदार ताण देताना काय काय पाहतो? हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा, म्हणून जमीन पाहतो. झाड रोगट असेल, कोवळे असेल, तर त्याला ताण देत नाही. रोज बागेत फेरी मारून पानाकडे नजर ठेवतो. आणि मुख्य म्हणजे पाणी पुन्हा केव्हा सोडायचे, हे ठरवूनच पाणी तोडतो. ताण जास्त झाला तर फांद्या वाळतात, झाड कायमचे खचते. तेव्हा हित त्या कोरडेपणात नाही. ते मापात आहे, वेळेत आहे आणि मागून दिलेल्या पाण्यात आहे. नुसते पाणी तोडून घरी जाऊन झोपणाऱ्याला कुणी बागायतदार म्हणत नाही.

हेच शाळेला लावून पाहा. ‘छडी लागल्याशिवाय विद्या येत नाही’ असे मानणारी पिढी आपल्यातल्या अनेकांनी पाहिली आहे. मारण्याला हितकारक म्हणायची सवय जुनी आहे, आपल्याकडेही आणि इंग्लंडातही. पण मारणाऱ्याने आपल्याच छडीला हितकर म्हणून घेतल्याने ती हितकर होत नाही. कडू असते ते हिताचे असतेच, असे कुठे आहे? औषध कडू असते आणि विषही कडू असते. आपल्या देशात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला मनाई केली. तेव्हा छडीचा प्रश्न कायद्याने मिटवला. पण टोमणा, सर्वांदेखत केलेली खरडपट्टी, नापासाचा शिक्का यांचे काय? हे सगळे आपण ‘त्याच्या भल्यासाठीच’ करतो असे म्हणतो. भले झाले की नाही, हे मात्र आपण कितीदा पाहायला जातो?

इथे या शब्दाचा एक फार चांगला नियम हाती लागतो. ‘सॅल्युटरी’ हा शब्द शोभून दिसतो तो परिणाम दिसल्यावर. आणि तो म्हणण्याचा पहिला मान, ज्याला सोसावे लागले त्याचा. माणूस स्वतःविषयी म्हणू शकतो, की त्या वर्षी नापास झालो, पण त्यातून मला चांगला धडा मिळाला. त्याच्या तोंडी ते शोभते. तेच शेजाऱ्याने म्हटले, की बरे झाले नापास झाला, त्याला धडा मिळाला, तर ती जखमेवर मिठाची चिमूट होते.

याचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 1972 चा दुष्काळ. खेड्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींना विचारा. खडी फोडायला गेलेली घरेच्या घरे, छावणीत नेऊन बांधलेली जनावरे, कामावर वाटलेली सुकडी, हे सगळे ते सांगतील. आता कुणी इंग्रजीत ‘तो दुष्काळ सॅल्युटरी होता’ असे लिहिले, तर वाक्य व्याकरणाने शुद्ध असेल, पण ते निर्दय होईल. कारण दुष्काळ हितकर नव्हता. ज्यांच्या दावणीची जनावरे गेली, त्यांच्यासाठी तर नव्हताच नव्हता. पण त्या दुष्काळातून महाराष्ट्राने एक धडा घेतला, की काम मागणाऱ्या माणसाला काम देणे हे सरकारने आपले कर्तव्य मानले पाहिजे. वि. स. पागे यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला होता. 1977 साली राज्याचा रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला आणि पुढे 2005 साली साऱ्या देशासाठी तशा प्रकारचा कायदा झाला. म्हणून लिहायचे असेल तर असे लिहावे, की ‘त्या दुष्काळाने एक सॅल्युटरी धडा शिकवला’. विशेषण ‘धडा’ या शब्दाला जोडायचे, ‘दुष्काळ’ या शब्दाला नव्हे. एका शब्दाची जागा बदलली, की वाक्यात माणुसकी येते किंवा जाते. व्याकरण शिकवताना हेही शिकवता येते.

आपल्याकडे कठोपनिषदात यमाने नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग सांगितले आहेत. प्रेय म्हणजे जे आवडते, श्रेय म्हणजे जे भल्याचे असते. पण ध्यानात घ्या, तिथे निवड नचिकेत्याने स्वतः केली आहे. यमाने धन देऊ केले, राज्य देऊ केले, ते सगळे त्या मुलाने नाकारले. आपण कठीण वाट स्वतः निवडणे वेगळे आणि दुसऱ्याला त्या वाटेवर ढकलून ‘हे तुझ्याच हिताचे आहे’ असे सांगणे वेगळे.

तर मग आपल्या त्या मुलाच्या वहीकडे परत येऊ. गुरुजींनी लाल रेघ मारली, त्याला वाईट वाटले. ती रेघ सॅल्युटरी होती का? नुसती रेघ मारून वही मिटली असेल, तर नाही. तो गुण गेल्याचा सल तेवढा राहिला असेल. पण गुरुजींनी त्याला जवळ बोलावले असेल, दूध कुठल्या शब्दाच्या शेतात बसते आणि कडुलिंब कुठल्या, हे दाखवले असेल आणि पुढच्या आठवड्यात त्याच मुलाने आपणहून लिहिले असेल, की ‘माझी चूक मला सॅल्युटरी ठरली’, तर ती रेघ खरी हितकर. आणि बघा, ते ठरवले कुणी? मुलानेच.